महापालिकेत आपले म्हणणे मांडताना

गावातल्या माणसाकडे एक गोष्ट आहे, जी शहरातल्या माणसाकडे नाही. ग्रामसभा भरली की मतदारयादीत नाव असलेला कुणीही उठून सरपंचांना थेट विचारू शकतो, ‘टाकीचं काम का थांबलं?’ वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास भरतात. तोच माणूस पोटापाण्यासाठी पुण्याला, ठाण्याला किंवा नाशिकला आला, तिथला मतदार झाला, मिळकतकर भरू लागला, की हा हक्क मागे गावातच राहतो. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेला तो जाऊ शकतो, कारण ती सभा लोकांसाठी खुली असते. पण तिथे त्याने बसून ऐकायचे. बोलायचे नगरसेवकांनी आणि उत्तर द्यायचे प्रशासनाने.

माझी भाची कॅलिफोर्नियात राहते. तिथे शहराच्या कौन्सिलच्या सभेत कुणीही रहिवासी माइकसमोर उभा राहून दोन-तीन मिनिटे बोलू शकतो. तो हक्क तिथल्या ब्राऊन कायद्याने दिलेला आहे. तिने हे सांगितले तेव्हा मला हेवा वाटला. मग आपल्याकडे नेमके काय आहे ते शोधायला लागले. गेली अठरा वर्षे मी आमच्या प्रभागातल्या बैठकांना जाते आहे, आणि माझा अनुभव असा की आपल्याकडे दारे पुष्कळ आहेत, पण प्रत्येक दार ठरावीक दिवशी, ठरावीक वेळापुरते उघडते. ती वेळ साधली तर चार ओळींच्या पत्रानेही काम होते. ती चुकली तर दोनशे सह्यांचा कागदही नुसता फाईलला लागतो.

कुठल्या दारात कधी उभे राहायचे, हेच या लेखात सांगायचे आहे.

सुरुवात सर्वसाधारण सभेपासूनच करा, पण बोलण्यासाठी नव्हे. एकदा तरी प्रेक्षक सज्जात बसून सभा पाहून या. ही सभा महिन्यातून किमान एकदा भरते. पुण्यात तिला मुख्य सभा म्हणतात. तारीख आणि विषयपत्रिका नगरसचिव कार्यालयात मिळते, पास लागत असेल तर तोही तिथेच. निघण्यापूर्वी सकाळी फोन करून सभा होणार आहे ना, एवढे विचारून घ्या. मी दोनदा रजा टाकून गेले आणि दोन्ही वेळा शोकप्रस्तावानंतर सभा तहकूब झाली. तिसऱ्यांदा मात्र पूर्ण चार तास बसले. त्या चार तासांत मला कळले की सभागृहात ‘आमच्या भागात फार त्रास आहे’ या वाक्याला उत्तर मिळत नाही. ‘अमुक रस्त्याच्या डांबरीकरणाचा कार्यादेश कधी दिला, आणि ते काम अजून दोषदायित्व कालावधीत आहे का?’ या प्रश्नाला मिळते. (दोषदायित्व कालावधीत कामातला दोष कंत्राटदाराने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.) नगरसेवकाने असा प्रश्न आधी लेखी दिलेला असेल तर उत्तरही लेखी येते आणि ते कागदोपत्री राहते. आपल्या वतीने असा प्रश्न विचारला जावा, हे आपल्याला नक्की साधता येते. त्याबद्दल पुढे सांगते.

तुमच्या रोजच्या अडचणीचे खरे ठिकाण मात्र वॉर्ड ऑफिस. कागदावर त्याला पुण्यात क्षेत्रीय कार्यालय म्हणतात, मुंबईत विभाग कार्यालय. पुण्यात क्षेत्रीय कार्यालयांमध्ये मोहल्ला कमिटीच्या मासिक बैठका घेण्याचा प्रघात आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२२ पासून जनसंवाद सभा सुरू झाल्या. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात गल्लीतल्या कचऱ्यापासून सुरुवात केली आणि त्यातून एएलएम, म्हणजे गल्लीनिहाय नागरिक गटांची पद्धत उभी राहिली. या गटांशी विभाग कार्यालयाने नियमित बोलायचे असते. अशा बैठकीत टेबलापलीकडे सहायक आयुक्त बसलेले असतात, शेजारी पाणी, ड्रेनेज, रस्ते, आरोग्य, अतिक्रमण अशा खात्यांचे अभियंते आणि निरीक्षक. इथे तुम्ही स्वतः बोलू शकता. दुर्दैवाने अनेक ठिकाणी या बैठका चार-पाच ओळखीच्या ज्येष्ठ नागरिकांवर चालतात, कारण बाकीच्यांना त्या असतात हेच ठाऊक नसते. आपल्या वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारा: नागरिकांची मासिक बैठक कोणत्या वारी, किती वाजता? बंद पडली असेल तर ती पुन्हा सुरू करावी, असे पत्र द्या. ते तुमचे पहिले निवेदन समजा.

असे पत्र देताना कायद्याचा आधार घ्यायला कचरू नका. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरल्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात या समितीची कामे लिहिली आहेत. पाणी, ड्रेनेज, स्वच्छता, पावसाळी पाण्याचा निचरा अशा सेवांबाबतच्या नागरिकांच्या सामायिक तक्रारींचे त्वरित निवारण हे त्यातले एक. प्रभागातल्या खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्याआधी त्यावर शिफारस करणे हे दुसरे. शिवाय समितीवर बिगरसरकारी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. तुमच्या प्रभाग समितीवर ते नेमले आहेत का, हे विचारा. २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेचीही तरतूद आली. शहरातली ग्रामसभाच ती. मी राहते तिथे ती आजवर एकदाही भरलेली नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. ही मागणी आपण प्रत्येक निवेदनाच्या शेवटी करत राहिली पाहिजे.

एका वेळी एकच

माझे पहिले निवेदन अकरा मुद्द्यांचे होते. फुटलेले पदपथ, बंद पडलेला दिवा, कुत्री, कचरा, शाळेच्या तोंडाशी साचणारे पाणी, वाकलेले झाड, सगळे एकाच पत्रात. ते आवक विभागात गेले, अकरा मुद्दे पाच खात्यांचे निघाले, आणि प्रत्येक खात्याने बाकीचे मुद्दे आपले नाहीत असे ठरवले. वर्षभराने चौकशी केली तेव्हा पत्र एका कपाटात होते. त्यावर ‘संबंधितांकडे वर्ग’ असा शेरा होता. संबंधित कोण, हे लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या वर्षी आम्ही एकच विषय घेतला: शाळेच्या तोंडाशी साचणारे पाणी. गल्लीतल्या आठ-दहा जणांनी मिळून ठरवले की महिनाभर तक्रार करायची नाही, फक्त पाहायचे. पाऊस पडला की शाळेच्या फाटकाशी काठी उभी करून पाण्याची उंची पाहायची, वेळ लिहायची, फोटो काढायचा. कोपऱ्यावरच्या चहावाल्यांना पाणी कुठून येते ते आमच्यापेक्षा नेमके ठाऊक होते. त्यांनी दाखवले की दोन वर्षांपूर्वी रस्ता केला तेव्हा डांबराचे थर चढले, पावसाळी गटाराच्या जाळ्या खाली गेल्या आणि त्यातली एक चक्क डांबराखाली गाडली गेली. आम्ही इतके दिवस ‘नालेसफाई झाली नाही’ म्हणत होतो. नाला साफच होता. पाणी नाल्यापर्यंत पोहोचतच नव्हते.

म्हणून मागणी लिहिण्याआधी कारण शोधा. तुम्ही अभियंते असायची गरज नाही. प्रश्न कुठल्या खात्याचा आहे एवढे कळले तरी निम्मे अंतर कापले. सांडपाण्याचे ड्रेनेज आणि पावसाळी गटार ही कामे अनेक ठिकाणी वेगवेगळ्या अभियंत्यांकडे असतात. पदपथावरचा खड्डा पालिकेचा असेल किंवा वीज कंपनीच्या खोदाईचा. मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा राष्ट्रीय महामार्गाचाही निघू शकतो, मग पालिकेत केलेले सगळे हेलपाटे वाया.

नंतर मागणी अशी लिहा की तिचे उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अमुक तारखेला’ असेच देता येईल. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे वाक्य आपण शाळेतल्या अर्जापासून लिहीत आलो आहोत. ते खोडा. योग्य काय, ते तुम्हीच सांगा.

बैठकीत बोलायला दोन मिनिटे मिळतील असे धरून चाला. आमच्या गल्लीतून त्या दिवशी जे बोलले गेले ते साधारण असे होते:

‘नमस्कार साहेब. मी शाळेमागच्या चाळीत राहते. माझी मुलगी दुसरीत आहे. जुलैत सात दिवस शाळेच्या फाटकाशी गुडघ्याच्या खाली, पण घोट्याच्या बरंच वर पाणी होतं. तारखा आणि फोटो या कागदात आहेत. फाटकासमोरची एक जाळी डांबराखाली गेली आहे आणि दोन जाळ्या रस्त्यापेक्षा खाली गेल्या आहेत. आमची मागणी एवढीच आहे, की गाडलेली जाळी उघडावी आणि बाकीच्या दोन रस्त्याच्या पातळीला आणाव्यात. जागा दाखवायला आम्ही कधीही येऊ. पाहणी कधी होईल, ते आज सांगाल का?’

एवढेच. तिने आवाज चढवला नाही, मागचा इतिहास काढला नाही, कर भरतो म्हणून सुनावले नाही. सहायक आयुक्तांनी शेजारच्या अभियंत्यांकडे पाहिले आणि त्यांना तारीख द्यावी लागली. नकाराला जागाच नव्हती.

कोण बोलणार, याचाही विचार करा. आमच्याकडे एक निवृत्त गृहस्थ फार मुद्देसूद बोलतात आणि त्यांना वेळही असतो. पण पाण्यातून मूल नेणाऱ्या बाईने बोलणे आणि त्यांनी तिच्या वतीने बोलणे यांत फरक आहे. ती धुण्याभांड्याची कामे करते आणि बैठक सकाळी अकराची. त्या दिवशी तिच्या दोन घरची कामे गल्लीतल्या बायकांनी वाटून घेतली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कार्यालयीन वेळेत बैठकीला कोण येऊ शकतो, यावरून शहराचे प्रश्न ठरू लागले तर भाडेकरू, वस्तीतल्या बायका, रोजंदारीवरचे लोक कायमचे बाहेर राहतील. बैठक महिन्यातून एकदा तरी संध्याकाळी किंवा शनिवारी घ्या, ही मागणी तुमच्या गटाने जरूर करावी.

ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे तेही बहुधा खोलीत नसतात. नागरिकांच्या बैठकांत फेरीवाल्यांची तक्रार हमखास येते. पदपथ मोकळा हवा हे मलाही पटते. पण २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने हा विषय नगर पथविक्रेता समितीकडे दिला आहे आणि त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य स्वतः विक्रेते असायला हवेत. ‘हटवा’ म्हणण्याआधी भाजीवाल्या मावशींशी बोला. पदपथाची कोणती कड सोडली तर व्हीलचेअर जाईल, हे खडूने आखून पाहा आणि दोघांनी मिळून मागणी करा. आमच्या चौकात एवढ्याने दोन फूट जागा सुटली. अतिक्रमणाच्या गाडीने ती कधीच सुटली नव्हती.

पैसा कधी ठरतो

अभियंत्यांनी पाहणी केली, जाळ्यांचे काम मान्य केले, आणि मग म्हणाले, ‘ताई, काम बरोबर आहे, पण या वर्षी तरतूद नाही.’ त्या वेळी आम्हाला ती टाळाटाळ वाटली होती. ती नव्हती. कनिष्ठ अभियंत्याच्या खिशात पैसे नसतात. त्याच्या हातात अंदाजपत्रकातले लेखाशीर्ष असते, आणि ते मार्चपर्यंत ठरून गेलेले असते.

महापालिकेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. आयुक्त साधारण जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, तिथून ते सर्वसाधारण सभेत जाते आणि मार्चअखेर मंजूर होते. म्हणजे आयुक्तांचा कागद तयार होण्याआधी, पावसाळा संपता संपताच, तुमची मागणी खात्याच्या यादीत गेलेली असायला हवी. आपण मात्र जूनमध्ये पाणी साचले की ओरडतो आणि दिवाळीत विसरतो. गणपती उठले की पुढच्या पावसाळ्याचे निवेदन द्या.

पुण्यात यासाठी एक खास सोय झाली. २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांनी थेट कामे सुचवायची पद्धत सुरू झाली. क्षेत्रीय कार्यालयात एक साधा अर्ज भरून पदपथ, बाक, दिवे, गटार, बसथांबा अशी लहान कामे सुचवता येतात. अर्ज पावसाळ्याच्या शेवटाकडे मागवले जातात. त्याची जाहिरात वर्तमानपत्रात आतल्या पानावर येते आणि मुदत संपल्यावर दिलेला अर्ज घेत नाहीत. आम्ही आमची जाळी त्या अर्जात लिहिली. दुसरा रस्ता नगरसेवकांचा. पुण्याच्या अंदाजपत्रकात नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांच्या तरतुदीला ‘स’ यादी म्हणतात. दुसऱ्या शहरांत तिला नगरसेवक निधी किंवा आणखी काही म्हणत असतील. तुमचे काम त्या यादीत आहे का, एवढे विचारले तरी समोरचा ओळखतो की हा माणूस तयारीने आला आहे.

नगरसेवकांना भेटताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांत बहुसदस्य प्रभाग आहेत, बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार सदस्य. प्रत्येक जण तुम्हाला दुसऱ्याकडे पाठवू शकतो. म्हणून चौघांना एकच पत्र, एकाच दिवशी, आणि पत्राच्या माथ्यावर चौघांचीही नावे. दुसरे, निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. नगरसेविका निवडून आल्या असतील तर पत्र ताईंच्याच हातात द्या आणि त्यांच्याशीच बोला. त्यांचे यजमान किंवा दीर ‘मला सांगा, मी बघतो’ म्हणतील. नम्रपणे सांगा, ‘ताईंना भेटूनच जातो.’ सभागृहात प्रश्न विचारायचा अधिकार ताईंना आहे, यजमानांना नाही. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच करून न्या, पाच ओळींचा, कामाचे नाव, जागा आणि तारीख असलेला. नवख्या नगरसेविकेला अशा तयार प्रश्नाचा फार उपयोग होतो. ताईंचे सभागृहातले पहिले भाषण तुमच्या जाळीवर झाले तर तुमचे कामही झाले आणि त्यांचेही.

आणि सभागृहच नसेल तर? २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक महापालिकांत मोठा काळ निवडून आलेले सदस्य नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. तेव्हा सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे ठराव एकट्या प्रशासकांच्या सहीने होत. त्या काळात आम्हाला वॉर्ड ऑफिसातल्या बैठकीची किंमत कळली. बोलायला उरलेली ती एकच जागा होती.

लोकशाही दिनाचे नाव अनेकांनी ऐकलेले असते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेतही तो असतो. सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. पण तिथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते, आणि न्यायालयात असलेला विषय घेत नाहीत. तुमची पाणीपट्टी चुकून दुप्पट आली असेल तर तिथे जा. गल्लीच्या पाण्यासाठी तो रस्ता नाही.

हरकतीची मुदत

काही निर्णय असे असतात की त्यात रहिवाशांचे म्हणणे मागवल्याशिवाय पालिकेला पुढे जाताच येत नाही. इथे तुमचा आवाज सर्वांत वजनदार असतो आणि इथेच आपण सर्वांत गैरहजर असतो. झाड तोडायचे असेल तर १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. झाडाला कागद चिकटवलेला दिसला की त्याचा फोटो काढा आणि तारीख पाहा, कारण हरकतीला सात दिवसच असतात. हरकत लिहिताना ‘झाड वाचवा’ एवढ्यावर थांबू नका. झाडाचा प्रकार, बुंध्याचा घेर, आणि काम झाड न तोडता कसे होऊ शकते, हे लिहा.

शहराचा विकास आराखडा हा तर वीस वर्षांचा निर्णय. तुमच्या घरामागचे मैदान मैदानच राहणार की रस्ता होणार, हे त्या नकाशावरच्या एका रंगाने ठरते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवतात आणि पुढे नियोजन समिती सुनावणी घेते. तिथे तुम्हाला बोलावणे येते आणि समोर बसून बोलता येते. शहरातल्या नागरिकाला अधिकृतपणे, कायद्याने, स्वतःच्या तोंडाने म्हणणे मांडायची ही फार थोड्या प्रसंगांपैकी एक संधी. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला तेव्हा लोकांनी त्यातल्या चुका पत्त्यानिशी दाखवून हजारो हरकती घेतल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो आराखडा बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितले आणि सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले. त्या हरकती बहुतांशी साध्या माणसांनी लिहिल्या होत्या: ही इमारत इथे नाही, हा रस्ता आमच्या प्रार्थनास्थळावरून जातो, हे उद्यान नकाशात दिसत नाही. आपल्या गल्लीबद्दल आपल्याइतके अचूक कुणीच सांगू शकत नाही.

छापील नमुन्यावर शंभर जणांनी सह्या करण्यापेक्षा दहा जणांनी दहा वेगळी पत्रे लिहावीत, असे माझे मत आहे. सुनावणीत शंभर सह्यांचा एक मुद्दा होतो, दहा पत्रांचे दहा.

नोंद झाली का?

बोलणे झाले की काम झाल्यासारखे वाटते आणि आपण घरी येतो. नेमके तिथेच चुकते. बैठकीत जे ठरले ते इतिवृत्तात आले नाही तर ते ठरलेच नाही. उठण्यापूर्वी विचारा, ‘साहेब, हे इतिवृत्तात घेतलं ना? प्रत कधी मिळेल?’ निवेदनाच्या दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर तुम्ही पत्र दिल्याचा काही पुरावा नाही. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि अभियंत्यांनी अंगठा दाखवला, ही पोच नव्हे.

महिन्याभरात काही हलले नाही तर त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र. त्यानंतर माहितीचा अधिकार. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत, आणि उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात ‘काम का झालं नाही?’ असे विचारू नका. ‘का’ची माहिती देत नाहीत. ‘अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावरील टिपणीची प्रत द्यावी’ असे विचारा. शिवाय २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असे सांगितले. जाण्याआधी फोन करून खात्री करून घ्या. मी स्वतः अशाच एका सोमवारी फाईल पाहिली तेव्हा कळले की रस्त्याच्या कामाच्या एस्टिमेटमध्ये जाळ्या उचलून घेण्याचे काम धरलेलेच होते. ते झाले नव्हते, एवढेच. पुढच्या बैठकीत आम्हाला नवी तरतूद मागावी लागली नाही. दोषदायित्व कालावधी संपायला अजून पाच महिने होते. कंत्राटदाराने ते काम विनामूल्य करायचे होते. आम्ही तेवढेच म्हणालो.

अभियंत्यांशी भांडण मांडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. एकेका कनिष्ठ अभियंत्याकडे केवढा तरी भाग असतो, आणि पहाटे पाइपलाइन फुटली की तोच माणूस चिखलात उभा असतो. मुकादम आणि सफाई कामगारांची तर नावे जाणून घ्या. आमच्या चेंबरची नेमकी जागा आम्हाला नकाशाने नाही, सव्वीस वर्षे त्या गल्लीत झाडू मारणाऱ्या मावशींनी दाखवली.

कधी कधी तुमच्या बाजूने कुणीच उभे राहणार नाही. शेजारीच म्हणतील, ‘कशाला वाईटपणा घ्यायचा?’ महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा विषय आला तेव्हा बत्तीस सदस्यांत विरोधात एकटे फुले होते. ते पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावेत, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव अर्थातच त्यांच्याविरुद्ध गेला. पण त्यांचे म्हणणे आज आपल्याला ठाऊक आहे. मला एकटीला बोलावे लागते तेव्हा ही गोष्ट आठवते, आणि मी इतिवृत्ताची प्रत मागून घेते.

काम झाले तर एक पत्र आणखी द्या. हे फारसे कुणी करत नाही. ‘अमुक तारखेला काम पूर्ण झाले, आम्ही पाहिले, धन्यवाद’ असे तीन ओळींचे, सहायक आयुक्तांच्या नावे, प्रत अभियंत्यांना, आवक क्रमांकासह. अभियंत्यांच्या फाईलमध्ये तक्रारींचा ढीग असतो, त्यात हा एक कागद वेगळा दिसतो आणि लक्षात राहतो. शिवाय काम संपल्याची तारीख त्यात लेखी येते, आणि पुन्हा काही बिघडले तर मुदत कुठून मोजायची हे कुणाला विचारावे लागत नाही. आमच्या गल्लीच्या वहीत ती तारीख आतल्या पुठ्ठ्यावर लिहिलेली आहे, तिच्याखाली पुढच्या बैठकीची, आणि तिच्याखाली दुसरा विषय: बसथांब्याजवळचा बंद दिवा.